सत्तावीस नंबरचं उत्तर

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मी ‘माणूस’मध्ये नापास झालो, आणि तेही माझ्याच हातून. स्टाफरूममधल्या खिडकीजवळच्या माझ्या ठरलेल्या खुर्चीत मी बसलो होतो, समोर निकालाचा तक्ता, डाव्या हाताला चहा, आणि मनःस्थिती उत्तम. उत्तम म्हणजे नेहमीसारखी. एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसाचा मूड रोज वेगळा असून कसं चालेल? ‘माणूस’ हा आमच्या कॉलेजातला एक विषय आहे. कागदोपत्री त्याचं नाव ‘मानवी जीवनाचे चिरंतन प्रश्न’ असं भारदस्त आहे, पण एवढं कोण बोलणार. मुलं ‘आज माणूसचा तास आहे का’ असं विचारतात आणि आता प्राचार्यसुद्धा तसंच म्हणतात. तीन शाखांचे तिघं मिळून तो शिकवतो. तत्त्वज्ञानाच्या बाई, ज्यांनी बारा वर्षांपूर्वी हा उद्योग सुरू केला. प्राणिशास्त्राचे सर, जे माणसाबद्दल बोलता बोलता हमखास मुंग्यांवर घसरतात. आणि मी, ज्याला चार वर्षांपूर्वी ‘एखादा आकड्यांचा माणूस हवा’ म्हणून यात ढकललं गेलं. तेव्हापासून माझी कुरकुर चालू आहे, आणि ती आज दुपारी तीनला संपणार होती. तीनला बैठक होती. हा विषय पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा, यावर पाच जण हात वर करणार होते. प्राचार्य आणि उपप्राचार्य बंद करा म्हणणारे, कारण त्यांना ते तास संगणकाच्या वर्गाला हवेत. बाई आणि प्राणिशास्त्रवाले चालू ठेवा म्हणणारे. आणि पाचवा हात माझा. उपप्राचार्यांना मी कालच शब्द दिला होता. बाईंना ते कुणी सांगितलं नव्हतं, पण संध्याकाळी जिन्यात भेटल्या तेव्हा बैठकीचं अवाक्षर न काढता त्यांनी माझ्या गुडघ्याची फारच आपुलकीने चौकशी केली. त्यावरून त्यांना कळलंय हे मला कळलं. गुडघा तसा बरा आहे.

आधी आमची पद्धत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या विषयाच्या परीक्षेत प्रश्न एकच असतो, दर वर्षी नवा, आणि तो मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलेला असतो; म्हणजे पेपर मुळात फुटलेलाच असतो. यंदाचा प्रश्न होता, आपलं आयुष्य चांगलं चाललंय हे तुम्ही कशावरून ओळखाल? बाईंचा दंडक असा, की जो विचारतो त्याने आधी उत्तर द्यायचं. म्हणून पहिल्या दिवशी मुलांच्या देखत आम्ही तिघांनी आपापलं उत्तर लिहायचं, पाकिटात घालायचं, आणि ती पाकिटं वर्षभर ऑफिसच्या कपाटात राहणार. बाई या कामाला पुरता तास घेतात, मध्येच खिडकीबाहेर बघतात, खोडतात, आणि शेवटी नाकाला शाई लावून बाहेर येतात. प्राणिशास्त्रवाले दोन आकृत्या काढतात. मी सात मिनिटांत उरकलं, कारण माझं उत्तर तयारच होतं. पेपर तपासायची पद्धत मात्र माझी आहे. मी येण्यापूर्वी बाई सगळ्यांना वीसपैकी चौदा देत. का, तर ‘विचार तर सगळ्यांनीच केलाय ना’. मी म्हटलं, असं नाही चालायचं. तेव्हापासून ऑफिसातल्या ताई सगळी उत्तरं टाइप करतात, म्हणजे अक्षर ओळखू येत नाही. नाव नाही, हुद्दा नाही, फक्त नंबर. तिघांनी वेगवेगळे मार्क द्यायचे, एकमेकांचे बघायचे नाहीत, मग सरासरी. आठच्या खाली नापास. नापासाला एकदा तोंडी परीक्षेची संधी, तीही गेली तर पुढच्या वर्षी पुन्हा वर्गात बसायचं. या पद्धतीचा मला अभिमान होता. लबाडीला तीत सुईच्या अग्राएवढीही जागा नव्हती.

तर तक्त्यात चाळीस नंबर होते. एकोणचाळीस पास, एक नापास. सत्तावीस नंबर. बाईंचे नऊ, प्राणिशास्त्राचे दहा, माझे चार. सरासरी पावणेआठलाही थोडी कमी. कोण हा बहाद्दर म्हणून मी नंबरांसमोर नावं असलेली यादी उघडली, तर सत्तावीससमोर कोरं. ऑफिसात गेलो. ताई म्हणाल्या, सर, ती आजारी मुलगी नव्हती का, परीक्षेला न आलेली? तिने घरून लिहून पाठवलं असावं, कपाटात नुसतंच पाकीट होतं, वर काही लिहिलेलं नव्हतं, म्हटलं पोरीचं वर्ष कशाला जायला हवं, घेतलं टाइप करून. नावाची खात्री नव्हती म्हणून जागा सोडली. मी म्हटलं, ती मुलगी तर पुढच्या आठवड्यात परीक्षा देणार आहे, मला स्वतः भेटून गेली. ताईंनी मूळ कागद काढून दिला. कागदाला डाव्या बाजूला पट्टीने आखलेला समास होता, खालून वर सरळसोट, दोन बोटं रुंद. गेल्या वीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने समास आखलेला मी पाहिलेला नाही; आखतो तो मी, आणि अक्षरही माझंच होतं. बाकी दोघांनी पाकिटावर ‘शिक्षक’ असं लिहिलं होतं. मी लिहिलं नव्हतं, कारण नाव नाही, हुद्दा नाही, हा नियम मीच तर केला होता. मी तो कागद हातात घेऊन ऑफिसात उभा राहिलो, आणि ताईंनी विचारलं, सर, पाणी देऊ का.

उत्तरात लिहिलं होतं: ‘ज्याच्या आयुष्यात चढउतार कमीत कमी, त्याचं आयुष्य चांगलं. सुखदुःखाची सरासरी सगळ्यांची थोड्याफार फरकाने सारखीच असते. आपण त्या सरासरीपासून किती लांब फेकले जातो, एवढाच प्रश्न आहे. कालच्यासारखा आज गेला आणि आजच्यासारखा उद्या जाणार असला, की ओळखावं, चांगलं चाललंय.’ आणि टाइप केलेल्या प्रतीच्या खाली, माझ्या लाल पेनने: ‘हे सरांना खूश करायला लिहिलेलं दिसतं. लिहिणाऱ्याला स्वतःला असं खरंच वाटतं का? तशी खूण एकाही ओळीत नाही. ४.’ मला तो रविवार लख्ख आठवला. जेवणाच्या टेबलावर गठ्ठा घेऊन बसलो होतो. चढउतारांचं हे सगळं मी वर्गात शिकवतो, त्यामुळे हा कुणीतरी पोपट आहे, सरांचंच सरांना ऐकवून मार्क काढू बघतोय, असं मला वाटलं आणि डोकं सणकलं. शेरा तर मला इतका आवडला होता, की मी तो बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. ती बटाटे सोलत होती. ‘बिचारं पोर,’ एवढंच म्हणाली. त्याच्या आधीच्याच पेपरात एका मुलीने लिहिलं होतं, की आजारातून उठलेली आई पहिल्यासारखी ओरडायला लागली तेव्हा मला कळलं, आमचं चांगलं चाललंय. दुसऱ्या एकाने लिहिलं होतं, बसची वाट बघताना कंटाळा आला नाही तर. त्या बसवाल्याला मी पंधरा दिले होते आणि नंतर बराच वेळ विचार करत होतो, की कशाबद्दल दिले. कुठलंही मोजमाप त्याला लागू पडत नव्हतं, पण ते पोर खरं बोलत होतं हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. आणि सत्तावीस नंबर खरं बोलत नव्हता, हेही तितकंच ठाऊक होतं.

खुर्चीत परत आलो. चहा गार झाला होता, तो तसाच प्यालो. लाज वाटत होती, कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, पण त्या लाजेच्या खालून काहीतरी गुदगुल्या केल्यासारखं वर येत होतं आणि त्याचं काय करावं ते कळत नव्हतं. सात मिनिटांत लिहिलेलं ते उत्तर खरं तर मी अकराव्या वर्षी ठरवलेलं होतं. आमचे बाबा म्हणजे चढउतारच. आधी चष्म्याचं दुकान, मग फोटो स्टुडिओ, मग रेडिओ दुरुस्ती, आणि प्रत्येक वेळी नवीन गाव, नवीन घर, माझी नवीन शाळा. पाच शाळा झाल्या. पाचही ठिकाणी मी ‘नवीन मुलगा’. आई दर वेळी सामान बांधताना ‘आता ह्यांचं काय नवीन?’ म्हणून हसायची, आणि मला तिच्या हसण्याचाच राग यायचा. मी अकरा वर्षांचा असताना नवीन निघाल्या मधमाश्या. गच्चीवर पेट्या आल्या. बाबांनी जाळीची टोपी शिवून घेतली. आणि एका दुपारी, कशाने बिनसलं देव जाणे, सगळं मोहोळ जिन्यातून खाली उतरलं आणि स्वयंपाकघरात शिरलं. आईने, धाकट्या बहिणीने आणि मी न्हाणीघरात कोंडून घेतलं. दोन तास. बाबा बाहेर, टोपी घालून, दाराला तोंड लावून आम्हाला बातम्या देत होते. आता त्या साखरेच्या डब्यावर बसल्या. आता निम्म्या घड्याळावर आहेत, किती वाजले दिसत नाही. बहिणीला हसून हसून उचकी लागली, आई उलट्या बादलीवर बसून डोळे पुसत होती. मी मात्र रडकुंडीला आलो होतो. मी दारातून विचारलं, ‘बाबा, आपलं चांगलं चाललंय ना?’ मग बाबा म्हणाले, ‘थांब, जरा बघून सांगतो.’ आणि खरंच बघायला गेले. त्यांच्या चपला स्वयंपाकघराकडे जाताना ऐकू आल्या. परत आले ते माश्यांची नवीन बातमी घेऊन, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. पुढेही कधी मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या न्हाणीघरातच मी ठरवलं होतं, की आपलं आयुष्य सरळ रेघेत आखायचं. पट्टी घेऊन.

आणि आखलंही. एकच कॉलेज, एकच घर, एकच खुर्ची. पण आता तो कागद समोर ठेवून मी माझ्याच वर्गात देतो तसा एक साधा प्रयोग करून पाहिला. आयुष्यातले जे दिवस न आठवता आठवतात, ते मोजायचे. पहिला आला तो न्हाणीघरातलाच. ज्या दिवसाला मी एवढी वर्षं पुरावा म्हणून वापरलं, तो दिवस मला आठवत होता तो बहिणीच्या उचकीसकट, आईच्या गालावरच्या पाण्यासकट, आणि मला चक्क हसू येत होतं. मग आला तो लग्नानंतर घर बदललं तो दिवस. आरशाचं कपाट हातगाडीवर ठेवून आम्ही दोघं मागून चालत होतो, चुकीच्या रस्त्याला लागलो, आणि तासभर आरशात स्वतःलाच चुकताना बघत गेलो. मग चार वर्षांची मुलगी फर्निचरच्या दुकानात हरवली तो. पाऊण तास माझ्या जिवात जीव नव्हता, आणि ती सापडली विकायला ठेवलेल्या पलंगावर, बूट काढून व्यवस्थित शेजारी ठेवून, गाढ झोपलेली. बूट काढून ठेवायचं वळण माझं, हे बायकोने तिथल्या तिथे सांगून टाकलं होतं. एकेक दिवस येत गेले आणि त्यात कालच्यासारखा गेलेला दिवस एकही नव्हता. तसे दिवस माझ्याकडे हजारोंनी आहेत. मी त्यांचे उपकार विसरल्यासारखं करणार नाही, त्यांच्याच जिवावर बाकीचे दिवस निभावले. पण परीक्षेत लिहायची वेळ आली तेव्हा मी त्यांचंच नाव पुढे केलं आणि हे बाकीचे दारात उभे ठेवले, हे काही खरेपणाचं झालं नाही.

जेवायच्या सुट्टीत बायकोला फोन केला. ती फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे आणि माना मोकळ्या करते. दुपारी फोन करायची माझी पद्धत नाही, त्यामुळे तिने आधी घाबऱ्या आवाजात काय झालं म्हणून विचारलं. ‘मी नापास झालो,’ मी म्हटलं. कशात, तर माणूसमध्ये. ‘निकाल लागायला फारच उशीर झाला हो,’ ती म्हणाली. मग मी सगळं सांगितलं, पाकीट, समास, आजारी मुलगी. ती एवढी हसली, की मागून कुणीतरी पेशंट, बहुतेक मान अडकलेला, ‘काय झालं, काय झालं’ म्हणून विचारायला लागला. मला वाटलं ती आता चिडवत बसेल. पण हसणं ओसरल्यावर तिने विचारलं, चार कुणी दिले. मी म्हटलं, मीच. ‘म्हणजे रविवारचं ते पोर तुम्ही होतात,’ ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, ‘त्याला विचारलंत का मग? खरंच असं वाटतं का म्हणून?’ मी म्हटलं, विचारतोय. ती म्हणाली, ते उत्तर खरं असतं तर तुम्ही माझ्याशी लग्नच केलं नसतंत. मग पेशंटने पुन्हा हाक मारली आणि तिने फोन ठेवला.

तीन वाजता प्राचार्यांच्या खोलीत आम्ही पाच जण बसलो. बाईंनी फिकट रंगाची साडी नेसली होती आणि समोर बारा वर्षांच्या हजेरीचे बारा कागद ठेवले होते. त्यांचे हात कागदांवर होते, आणि ते हात बघून मला पहिल्यांदा कळलं की आज त्यांचं काय जाणार आहे. हे मला कालही कळू शकलं असतं. जिन्यात. प्राचार्य म्हणाले, आधी निकाल सांगा म्हणजे पुढचं बोलता येईल. मी तक्ता वाचला. एकोणचाळीस पास, एक नापास. कोण नापास, त्यांनी विचारलं. ‘मी,’ मी म्हटलं. मग सगळं सांगावं लागलं. प्राणिशास्त्रवाल्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि एक मुंगी स्वतःलाच परकी समजून वारुळाबाहेर कशी हाकलते असं काहीतरी सुरू केलं. असली मुंगी खरंच असते की त्यांनी तिथल्या तिथे जन्माला घातली, हे मी नंतर विचारणार आहे. उपप्राचार्यांना काळजी वेगळीच होती. ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, एवढं कशाला ताणता, चाराचे पाच करा, सरासरी बरोबर आठ होते, विषय मिटला. हिशोब बरोबर होता. एका मार्काचा तर प्रश्न होता आणि पेन माझ्याच खिशात होतं. सकाळी दहाला कुणी हे सुचवलं असतं तर मी नियमाकडे बोट दाखवलं असतं. आता नियमाची आठवणही झाली नाही.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘मार्क मी नीट बघून दिलेत. चार बरोबर आहेत.’

बाईंनी मान वर केली. नाकावर शाई नव्हती, पण मला ती तिथे दिसली. त्या म्हणाल्या, नियमाप्रमाणे नापासाला तोंडी परीक्षेची संधी असते, इथे तीनही परीक्षक हजर आहेत, तर आत्ताच घेऊ या का. प्राचार्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि मग, मला वाटतं कुतूहलापोटीच, हो म्हणाले. बाईंनी हात कागदांवरून उचलून मांडीवर ठेवले आणि मला अगदी परीक्षेला बसलेल्या मुलाला विचारतात तसं सावकाश विचारलं, ‘आपलं आयुष्य चांगलं चाललंय हे तुम्ही कशावरून ओळखाल?’

मी तोंड उघडलं. एकतीस वर्षांत मला कुणी प्रश्न विचारला आणि उत्तर तयार नाही असं झालं नव्हतं. आत बघितलं तर मोहोळच उतरलेलं होतं. कपाट, पलंग, बूट, आई, बसची वाट बघणारं ते पोर, सगळं एकदम घोंघावत होतं आणि घड्याळ दिसत नव्हतं. पण भीती नव्हती. मी न्हाणीघरात नव्हतो. या खेपेला मी दाराच्या बाहेर उभा होतो, टोपी घालून, आणि आतून कुणीतरी मला विचारत होतं. बाबा त्या दुपारी टाळत नव्हते, हे मला तिथे, त्या खुर्चीत कळलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं आणि ते खरंच बघायला गेले होते.

‘थांबा,’ मी म्हणालो, ‘जरा बघून सांगतो.’

मग बाईंनी विचारलं, बघायला किती वेळ लागेल. मी म्हटलं, वर्ष तरी लागेल, आणि नियमाप्रमाणे मला पुढच्या वर्षी वर्गात बसायला हवं, त्यामुळे वर्ग असायला हवा. उपप्राचार्य माझ्याकडे बघत राहिले. त्यांना दिलेला शब्द मी मोडत होतो आणि त्याचं मला वाईट वाटत होतं. मी त्यांना तसं सांगितलंही. मग चालू ठेवा म्हणणाऱ्यांनी हात वर करा असं प्राचार्य म्हणाले, आणि मी हात वर केला. प्राणिशास्त्रवाल्यांनी दोन्ही वर केले, त्यातला एक खाली घ्यायला लावला.

बाईंनी तक्ता माझ्याकडून ओढून घेतला. सत्तावीस नंबरच्या कोऱ्या जागेत त्यांनी माझं नाव लिहिलं, पुढे ‘पुन्हा बसणार’ असं लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत त्यावर हळू फुंकर घालत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि आवाज मात्र कडक होता.

‘पहिल्या दिवशी वेळेवर या,’ त्या म्हणाल्या. ‘आणि पाकिटावर नाव लिहा.’